मदत हवी आहे: लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचे) उपचार संपले, पण मित्र मला कॅरममध्ये हरवायलाच तयार नाहीत

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. हा माझा पहिलाच धागा आणि तोही जरा विचित्र, तेव्हा सांभाळून घ्या.

वय ४१, मुक्काम डोंबिवली. मागच्या वर्षी मानेला उजवीकडे, जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती म्हणून सोडून दिली. मग संध्याकाळी कणकण, रात्री घामाने बनियन पिळून काढावं अशी गत. एका ठिकाणी सुई घालून तपासलं, ठोस काही निघालं नाही, 'टीबीच असणार' म्हणून गोळ्या चालू. दोन महिने लघवी केशरी आणि गाठ सुपारीची लिंबाएवढी! शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गाठ अख्खी काढून बायोप्सीला पाठवली तेव्हा नाव कळलं: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, दुसरी स्टेज. आपल्याकडे मानेची गाठ म्हटलं की आधी टीबी आठवतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण औषधं चालू असताना गाठ वाढत असेल तर बायोप्सीसाठी हटून बसा. हे विषयाला सोडून झालं, तरी लिहितोच.

आर-चॉप नावाच्या केमोचे सहा डोस झाले, दर २१ दिवसांनी एक. शेवटचा होऊन चार महिने झाले. पेट स्कॅन (अंगात कुठे कॅन्सर उरलाय का ते बघणारा) स्वच्छ आहे. मग रडतोय कशाला?

आम्ही पाच जण एकाच चाळीत वाढलो. मंडळाच्या खोलीत पंचवीस वर्षं कॅरम खेळतोय. आजार कळला त्याच रात्री चौघांनी कामं वाटून घेतली, मला न विचारता. एक गाडीवाला झाला, डोंबिवली ते परळ आणि परत, कारण लोकलची गर्दी मला बंद होती. एक फाईलवाला. त्याने सगळे रिपोर्ट पंच करून तारखेप्रमाणे लावले, टू-डी एको (हृदयाची तपासणी) हिरव्या फोल्डरात, रक्ताचे पिवळ्या. डॉक्टरसुद्धा त्याच्याकडेच हात करायचे. तिसरा पैशांचं बघायचा. आणि मास्तर (खरोखरच शाळेत आहे) डोसच्या दिवशी शेजारी बसायचा. ते लाल औषध चढायला लागलं की दर वेळी एकच विनोद, 'घे, कोकम सरबत आलं.' दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रात्री पावणेदोनला ताप १०१. हॉस्पिटलच्या कागदावर ठळक लिहिलेलं: १००.४ किंवा वर गेला तर घरी गोळी घेऊन झोपू नका, ताबडतोब या. बायकोने फोन केला आणि बारा मिनिटांत गाडी खाली उभी. गाडीवाला लुंगीवरच आला होता. पांढऱ्या पेशी सहाशेवर आल्या होत्या. पाच दिवस ॲडमिट.

आता अडचण. गेल्या महिन्यात पुन्हा बोर्डवर बसलो. केमोतल्या व्हिन्क्रिस्टीन या औषधामुळे बोटांच्या टोकांना मुंग्या आहेत, स्ट्रायकरला बोट टेकलंय की नाही तेच कळत नाही. हातमोजे घालून खेळल्यासारखं. साध्या सोंगट्या चुकतात. आणि तरी मी जिंकतो! कारण पॉकेटच्या तोंडाशी बसलेली काळी मास्तर चुकवतो. मास्तर! जी तो झोपेतसुद्धा घालेल. मग चौघं एकमेकांकडे बघत नाहीत आणि कोणीतरी चहा सांगतो.

राजकारणावर भांडत नाहीत, दुधाची पिशवी उचलू देत नाहीत. पैशांचं तर विचारूच नका. मी वहीत टिपून ठेवलंय, १,८६,४०० रुपये होतात. विषय काढला की 'कसला हिशेब?' म्हणून उठून जातात. ज्यांनी एवढं केलं त्यांच्यावर चिडायचं म्हणजे कृतघ्नपणाच की. म्हणून घरीही बोललो नाही.

तर विचारायचं हे. बोटं पूर्ववत होतात का, किती दिवसांत? दुपारी तीननंतर अंगातली बॅटरी काढून घेतल्यासारखं होतं, हे कधी थांबतं? कामावर रुजू व्हायचंय. आणि तिसरं, या चौघांना न दुखावता सांगायचं कसं?

सुमतीची_लेक:
दादा, मी हॉजकिन्सवाली, म्हणजे लिम्फोमाचाच दुसरा प्रकार. माझी केमो एबीव्हीडी, दर पंधरा दिवसांनी, एकूण बारा डोस. सात वर्षं झाली. थकव्याचं सांगते. केस परत आले की जगाच्या लेखी तुम्ही बरे, आणि नेमकं तेव्हाच जिना चढताना रडू येतं. मला नीट वाटायला वर्ष लागलं. पडून राहिल्याने तो वाढतो, रोज थोडं चालत राहिल्याने उतरतो. आज बरं वाटलं म्हणून माळा आवरायला काढू नका, पुढचे दोन दिवस जातात. पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ बघायला सांगा, सगळंच केमोच्या माथी मारू नका. ऑफिसला मी पहिले दोन महिने अर्धा दिवस मागून घेतला होता.

मुंग्यांचं म्हणाल तर औषध थांबल्यावरही थोडे आठवडे वाढू शकतात, मग महिन्यामहिन्याने उतरतात. काहींच्या थोड्या राहतातही, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालाच. तोवर गरम तवा आणि अनवाणी चालणं जपून. मी शर्टाची बटणं लावायचा सराव करायची. तुम्ही कॅरम खेळा, तेच झालं.

निसर्गप्रेमी_६६:
गव्हांकुराचा रस आणि गुळवेल रोज सकाळी घ्या, मुळापासून जाईल.

धागाकर्ता:
६६ साहेब, आभार. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं ठरलंय. फाईलवाला मारेल.

जालन्याचा_पाहुणा:
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे तुमच्या चौघांतला समजा. माझ्या मित्राचे उपचार टाटाला झाले. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ राहायचो. एक सांगतो, राग मानू नका. आम्ही त्याला जपत होतो ते अर्धं आमच्यासाठी होतं. जाम घाबरलो होतो. आणि उपचार संपले तेव्हा तो मोकळा झाला, आम्हाला मात्र हात कुठे ठेवायचे कळेना. सहा महिने एकच काम होतं, ते गेलं.

पाकीट घेऊन जाऊ नका, मला माझ्या मित्राने दिलं होतं, मी चार महिने बोललो नाही. त्यापेक्षा त्यांचं एखादं काम अंगावर घ्या. आणि चौघांना एकत्र सांगू नका. जो सगळ्यात भांडकुदळ आहे त्याला गाठा.

धागाकर्ता:
उशिरा लिहितोय. पाहुणे, ते पाकिटाचं वाचून हादरलोच, माझं भरून तयार होतं.

भांडकुदळ म्हणजे गाडीवाला. रविवारी मंडळात जरा लवकर गेलो, तो बोर्डवर पावडर टाकत होता. म्हटलं, मुद्दाम चुकवायचं असेल तर मी उद्यापासून यायचा नाही. तो पावडर घासतच राहिला. मग म्हणाला, 'त्या रात्री तू मागच्या सीटवर काही बोलत नव्हतास. मी प्रत्येक सिग्नलला आरशात बघत होतो.' मला हे माहीतच नव्हतं. मला वाटत होतं मी झोपलोय.

बाकीचे आले तसा तो ओरडला, 'आजपासून याला सूट नाही रे!' मास्तरला सुटल्यासारखं झालं असावं, कारण पहिल्याच बोर्डात त्याने क्वीन काढून कव्हर घेतलं. २५-४ ने हरलो. वर स्ट्रायकर धरायच्या पद्धतीवरून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

पैशांवर गाडी अजून अडलेली आहे. वही मास्तरने काढून घेतली, परत देत नाही. पण त्याच्या मुलीच्या दहावीच्या गणिताची जबाबदारी आता माझ्याकडे आहे, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी, तीनच्या आतच. बी-१२ चा रिपोर्ट उद्या मिळेल. आला की इथे टाकतो. सुमतीची_लेक, तेवढा बघाल का?