अनुभव धागा: बुजरा घोडा आणि टांग्याचा लगाम

मुरबाडजवळच्या गावात मामांनी हौसेने टांगा घेतलाय. घोडी पाच वर्षांची, रंगाने तांबूस, स्वभावाने भित्री. डांबरी रस्त्यावर छान दुडकत जाते, पण शेताच्या कुंपणावर निळी ताडपत्री फडफडली की चारही पाय रोवून उभी. शनिवारी-रविवारी ठाण्याहून जाऊन मीही हाकायला शिकतेय. कोणी टांगा हाकला असेल, नाहीतर मागे बसून नुसता जीव मुठीत धरला असेल, तर लिहा. ‘टांगा पलटी, घोडे फरार’ घरीच रोज ऐकते, ते नको.

कोपरीकर
लहानपणी संकष्टीला आजोबांबरोबर टिटवाळ्याला जायचो, स्टेशनपासून देवळापर्यंत टांगा. एकदा ऐन गर्दीत ढोल सुरू झाला आणि घोडा मागे मागे सरायला लागला. टांगेवाले काका ओरडले ते घोड्यावर नाही, आमच्यावर: “मागचे पुढे सरका!” मला वाटलं, आता उतरवणार. तेव्हा कळलं नव्हतं, पण मागे वजन झालं की दोनचाकी टांगा उलाळ होतो, दांडे वर उचलले जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला कचतो. आधीच बिचकलेल्या जनावराला खालूनही कोणीतरी ओढतंय असं झालं तर ते काय करणार? मग काका उतरले, मानेशी उभे राहिले आणि घोड्याचं तोंड ढोलाकडे केलं. बघू दिलं त्याला. चाबूक हातातसुद्धा घेतला नाही. आजोबा मात्र देवळापर्यंत पुटपुटत होते.

खाडीकाठ
झापडं बांधा. घोड्याला कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग सोडला तर जवळपास सगळीकडचं दिसतं. मागून फिरणारं चाक त्याला पाठलाग केल्यासारखं वाटतं.

वाशीची पाहुणी
झापडांवर माझं मत निम्मं उलटं आहे. आमचा घोडा झापडं असताना जास्त घाबरायचा, कारण आवाज ऐकू यायचा, दिसायचं काहीच नाही. पण सवय बदलायची तर टांगा न जोडता, आधी नुसतं चालवून. टांगा जोडलेला असताना झापडं काढायची नाहीत, कधीच नाहीत! वडिलांनी एकदा पाणी पाजायला थांबून काढली. त्याने वळून चाक पाहिलं आणि थेट भाताच्या खाचरात. एक दांडा तुटला, वडिलांचं मनगटही. घोड्याला खरचटलंही नाही, संध्याकाळी चंदी मागत होता.

कळवा नाका
वरातीच्या घोड्याच्या कानात कापूस घालतात. नवरदेवाच्या कानात घालायची सोय नाही.

मुरबाडची भाची
धागा काढणारी मीच. कोपरीकर, तुमच्या काकांचं ऐकलं. ताडपत्री अंगणात अंथरून वर चंदीची पाटी ठेवली. पहिल्या दिवशी लांबूनच नाकपुड्या फुलवून फुरफुरली. दुसऱ्या दिवशी मान इतकी ताणली की आता घसरून पडते की काय, पण पाय मातीतच. चौथ्या दिवशी एक पुढचा पाय ताडपत्रीवर ठेवून शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं. मीही लगाम आवळायचा सोडलाय. मामा म्हणाले, माझीच मनगटं आधी घट्ट होतात आणि मग घोडीचे कान टवकारतात.

काल पहिला पाऊस पडला. रस्त्यात डबकं आलंय, आणि बाईसाहेब त्याच्या अलीकडे उभ्या.