झाडीपट्टीच्या कीबोर्डातली फ्लॉपी काढावी की ठेवावी?

वडस्याचा वादक
आमच्या नाटक मंडळीकडे रोलँडचा एक्सपी-80 कीबोर्ड आहे. 1996 चं मॉडेल, 76 कळा. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा, ब्रह्मपुरी, नागभीडच्या पट्ट्यात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, नाटकांचे रात्रभर प्रयोग चालतात, आणि हा पेटीत घालून मेटॅडोरच्या टपावरून फिरतो. मागच्या सीझनला दुसऱ्या अंकात फ्लॉपी वाचलीच गेली नाही. मारामारीच्या सीनचं सगळं म्युझिक त्यातच होतं. ते मी हाताने वाजवलं, पण मंडपातल्या लोकांना फरक कळला.

मी ठरवलंय: फ्लॉपी ड्राइव्ह काढून तिथे पेनड्राइव्हचा एम्युलेटर बसवायचा, म्हणजे कीबोर्डाला पेनड्राइव्हच फ्लॉपी वाटते. सोनीने जपानात फ्लॉपीची विक्री 2011 मध्येच थांबवली. आता मिळतात त्या जुन्या साठ्यातल्या, अर्ध्या बुरशीच्या. वाद्य वाजायला हवं, बाकी सगळं नंतर.

चंद्रपूरचा दुरुस्तीवाला
साफ चूक, भाऊ. ही वाद्यं आता परत बनणार नाहीत. माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच कोणाला तरी जॅक मोठा करायला, पॅनेलला भोक पाडायला दिलेलं असतं. एक जण तर कॅबिनेट करवतीने कापून बसला. ड्राइव्ह दुरुस्त होते. फ्लॉपी वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रुळांवरचं सुकलेलं ग्रीस काढा, निम्म्या ड्राइव्ह तिथेच चालू होतात. आधी हे करून पाहा.

वडस्याचा वादक
हेड पुसून झालं. दोन प्रयोग चालली, तिसऱ्याला पुन्हा तेच. प्रयोगाच्या रात्री मला नशिबावर बसता येत नाही.

भंडाऱ्याची साउंडवाली
कापण्याची बाब वेगळी आणि ड्राइव्ह बदलण्याची वेगळी. एम्युलेटर फ्लॉपीच्याच खाचेत बसतो, केबलही तीच लागते. एक ठिकरीही उडत नाही, आणि जुनी ड्राइव्ह कापडात गुंडाळून ठेवली की उद्या परत लावता येते. मी याला बदल म्हणतच नाही. पण त्याआधी सगळ्या फ्लॉप्यांची नक्कल काढून घ्या! ड्राइव्ह चालू असताना हे करायचं असतं. बंद पडल्यावर शोधत फिरायला लागतं.

चंद्रपूरचा दुरुस्तीवाला
नकलेचं म्हणणं मान्य. बाकी, आपल्या भागात मला फ्लॉपीपेक्षा जास्त काळजी उन्हाळ्याची आहे. रोलँडच्या त्या काळातल्या अनेक कीबोर्डांत कळांखालची वजनं लाल गोंदाने चिकटवलेली असतात. तो वयाने आणि उष्णतेने पातळ होतो, खाली गळतो, कळा अडकतात. 1991 च्या जेडी-800 मध्येही हेच दिसतं. मे महिन्यात चंद्रपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाच्या शेडमध्ये ठेवलेल्या कीबोर्डाचं काय होत असेल? आधी कळा उघडून पाहा.

वडस्याचा वादक
उघडल्या. तुम्ही म्हणता तेच निघालं, मधल्या सप्तकात लाल चिकटा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू का?

चंद्रपूरचा दुरुस्तीवाला
अजिबात नको, संपर्काच्या पट्ट्या फाटतील. कळा सुट्या करून कॉस्टिक सोड्याच्या थंड, पातळ द्रावणात भिजवतात. भांडं प्लास्टिकचं घ्या, ॲल्युमिनियमचं तर मुळीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, पोरांना जवळ येऊ देऊ नका. नंतर भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून, वजनं दोन भागांच्या इपॉक्सीने पुन्हा चिकटवायची. इथे मूळ गोंद जपायचा हट्ट मीही धरणार नाही.

गोंदियाचा रेकॉर्डिंगवाला
मग तुमचं "बदल नको" कुठे राहिलं? मी तर पुढे जातो. घरच्या स्टुडिओत घरघर आली की मिक्सरच्या प्लगची अर्थ पिन तोडून टाकतो, घरघर जाते.

भंडाऱ्याची साउंडवाली
हे करू नका, हात जोडते. ओल्या मातीवर, जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात कलाकाराच्या हातात माइक असतो. आत कुठे वायर सुटली आणि अर्थ नसला, तर करंट त्याच्या अंगातून जाईल. घरघर दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणाऱ्या लूपमुळे येते. वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे आवाजाचा सिग्नल पुढे देणारी छोटी पेटी, लावा, घरघर जाते आणि पिन जागेवर राहते.

चंद्रपूरचा दुरुस्तीवाला
यात आपलं भांडण नाही. ड्राइव्हबद्दल मात्र आहे. तुम्ही एम्युलेटर लावा, पण जुनी ड्राइव्ह भंगारात दिली तर मला सांगा, मी घेऊन जाईन.

वडस्याचा वादक
देणार नाही. फ्लॉप्यांची नक्कल कालपासून सुरू केली आहे. एकोणीस झाल्या, बारा राहिल्यात, त्यातल्या दोन वाचत नाहीत.