मदत हवी आहे: साइड रोलवाले खेळण्यात काऊन येत नाहीत?

भाऊ लोकहो, स्टार वॉर्स सिनेमाचे पावणेचार इंची बाहुले केनर या अमेरिकन खेळणी कंपनीनं १९७८ ते १९८५ काढले, त्यात दारूच्या गुत्त्यात जरासा दिसणारा हॅमरहेड नावाचा परग्रहवाला आहे, पण खलनायक वेडरले थांबवणारा मोठा अधिकारी टार्किन नाही, तो थेट १९९७ ले आला! म्हातारा माणूस, साधा गणवेश, पोट्टे घेणार नाहीत असंच कंपनीले वाटलं असन, स्टीलचा साचा महाग पडते ना. हिरो ल्यूकची बेरू काकू तर मले लईच आवडते, तिलेही त्यायनं तवा काढलं नाही.

आता मीच बनवतो. आमच्या यवतमाळकडं तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारे सुतार आहेत, पण एवढ्याशा बाहुलीत मान, खांदे, मांड्या असे पाच सांधे हलते कसे ठेवायचे? एम-सील टिकन का? कोणी केलं असन तर सांगा, फोटो टाका.