मदत हवी आहे: लॉगिन होतं, पण पोर्ट जुन्याच व्हीलॅनमध्ये

लॉगिन तपासणारा सर्व्हर फ्रीरेडियस ३, स्विचच्या पोर्टवर ओळख तपासणारं ८०२.१एक्स, आणि पीईएपी (बाहेर निनावी ओळख, आतल्या एनक्रिप्टेड टनेलमध्ये खरं लॉगिन). पोर्ट ऑथराइज्ड दिसतो, पण व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) २० ऐवजी १ मध्येच राहतो. मॅक ॲड्रेसवर चालणारे प्रिंटर मात्र नीट ४० मध्ये जातात, म्हणजे स्विचवर संशय नको. २० तिथे तयारही आहे.

डीबगमध्ये व्हीलॅन ठरवणारे तीन ॲट्रिब्यूट, म्हणजे टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी "२०" आतल्या टनेलच्या उत्तरात आहेत; बाहेरच्या ॲक्सेस-ॲक्सेप्टमध्ये (स्विचला जाणाऱ्या मंजुरीच्या उत्तरात) तिन्ही गायब. 'यूज टनेल्ड रिप्लाय' (आतलं उत्तर बाहेर पाठवणारी सेटिंग) हा जुना जुगाड नको. आतल्या पोस्ट-ऑथमधून (लॉगिननंतरच्या टप्प्यातून) आउटर सेशन-स्टेटमध्ये (बाहेरच्या सत्राच्या तात्पुरत्या साठवणीत) टाकून बाहेर रिप्लायमध्ये घ्यायचे, बरोबर ना?

खरी अडचण पुढे आहे. टीएलएस सेशन कॅश (आधीचं एनक्रिप्टेड सत्र लक्षात ठेवून पुन्हा वापरणं) चालू असली की पुन्हा जोडताना आतला टनेल चालतच नाही, आणि बाहेरची ओळख निनावी. मग ग्रुप कशावरून ठरवायचा? हे ॲट्रिब्यूट कॅशमध्येच साठवता येतात, की सरळ कॅश बंद करावी?