'कॉमिक ऑपेरा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर करतेय. इंग्लंडमधली एक 'अमॅच्युअर ऑपरॅटिक सोसायटी' गिल्बर्ट-सलिव्हन या लेखक-संगीतकार जोडीचं 'द मिकाडो' हे 'कॉमिक ऑपेरा' प्रकारचं नाटक बसवते, असा विषय आहे. 'हौशी संगीतिका मंडळी' चालेल का?

उत्तर १ : 'हौशी' चोख. 'संगीतिका' खटकते. संगीतिका म्हटली की सगळं गाण्यातूनच, अशी आपली समजूत. या जोडीच्या खेळांत दोन गाण्यांच्या मध्ये भरपूर गद्य असतं आणि निम्मा हशा तिथेच वसूल होतो. अपवाद १८७५ च्या 'ट्रायल बाय ज्युरी'चा; ते अथपासून इतिपर्यंत गायचं. बांधणीने आपलं 'संगीत नाटक'च जवळचं. काळही तोच : त्यांचं 'पिनाफोर' १८७८, किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८०.

उत्तर २ : बांधणी जवळची, पण 'संगीत नाटक' वाचलं की कानात ऑर्गन-तबला सुरू होणार! आपला नट पद आळवतो. तिकडे 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स'मधला मेजर-जनरल इंग्लंडचे राजे, वर्गसमीकरणं असं काय काय एका दमात घडाघडा म्हणतो. तान घ्यायला जागाच नाही. वन्समोअर त्यालाही मिळतो, पण पुष्कळदा तेच आणखी जलद म्हणून दाखवायला. 'कॉमिक ऑपेरा'च ठेवा आणि पहिल्या उल्लेखापाशी 'गद्यसंवाद असलेलं विनोदी गीतनाट्य' एवढा खुलासा करा.

प्रश्नकर्ती : पटलं. पण 'हौशी'त कच्चेपणा नाही ना डोकावत? लेखात त्यांचं कौतुक आहे.

उत्तर १ : छे हो. राज्य नाट्य स्पर्धेतले हौशी संघ काय कच्चे असतात? पोट त्यावर नाही, इतकंच. हौशे-नवशे-गवशे अशी माळ लावली तरच चेष्टा होते. 'मंडळी' मात्र काढा. 'किर्लोस्कर नाटक मंडळी' ही धंदेवाईक कंपनी होती. जुन्या वाचकाचा घोटाळा होईल. 'हौशी ऑपेरा संस्था' म्हणा.

प्रश्नकर्ती : आणि 'सॅव्हॉयार्ड'?

उत्तर २ : निर्माते डॉयली कार्ट यांनी १८८१ मध्ये लंडनला सॅव्हॉय थिएटर उघडलं, मुख्यतः याच जोडीच्या खेळांसाठी. त्यावरून या खेळांतले नटही सॅव्हॉयार्ड आणि चाहतेही. 'गिल्बर्ट-सलिव्हनवेडा' चाहत्यापुरतं ठीक, नटाला लागू पडत नाही. लेखात कोण अभिप्रेत आहे ते आधी बघा.