वर्कहाउसची गाणी तिकीट काढून ऐकायची का?

नॉटिंगहॅमची माई
परवा इथे एकाने लिहिलं की व्हिक्टोरियन वर्कहाउसवरचा (गरिबांना आत कोंडून, काम करवून मदत देणाऱ्या घरांवरचा) लोकगीतांचा प्रयोग म्हणजे मेलेल्या गरिबांच्या जिवावर पोट भरलेल्यांची करमणूक. ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितेय. मी तो प्रयोग शनिवारी बघून आले. चौघं जण, फिडल, कॉन्सर्टिना, एक बाकडं आणि त्यावर डांबराने काळ्या झालेल्या जुन्या दोराचा गुंता, वर्कहाउसात असले दोर पिंजायला लावायचे. गाणारी बाई अख्खं गाणं होईस्तोवर तो दोर नखांनी सोडवून पिंजत होती आणि ती खरखर माइकवर ठेक्यात येत होती. साउथवेलचं १८२४चं वर्कहाउस मी दोनदा पाहिलंय, आत गेलेल्या नवरा-बायकोची गाठसुद्धा पडू नये म्हणून वेगळे जिने बांधलेत तिथे, पण तेव्हा मी पाटी वाचून पुढे गेले होते. प्रयोगात नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, एकच गाणं अर्धं अर्धं म्हणतात, एकमेकांकडे न बघता. मी रडले. त्याला करमणूक म्हणायचं?

खडा सवाल
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. माई, तुम्ही रडलात हे खरं असेल, पण ती गाणी आत्ता लिहिलेली आहेत. १८४५मध्ये अँडोव्हरच्या वर्कहाउसात खतासाठी हाडं कुटायला बसवलेले लोक भुकेपोटी त्याच हाडांतला मगज चोखून खात होते, आणि त्याच्यावर चार आवाजांत गोड गायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या? आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. तसं इथे कोणाचं नाव आहे सांगा.

तालीममास्तर
म्हणजे ज्याने भोगलं त्यानेच गायचं? मग निम्मी रंगभूमी बंद करा. आणि ती माणसं मुकी होती हे कोणी सांगितलं तुम्हाला? मदत हवी तर वर्कहाउसातच या म्हणणारा १८३४चा कायदा आल्यावर त्याच्याविरुद्धची गाणी एकेका कागदावर छापून रस्त्यात विकली जायची, विकणारा स्वतः चौकात गाऊन दाखवायचा. गाणं हेच त्या लोकांचं वर्तमानपत्र होतं, तेव्हा गाण्यातच सांगितलं तर चुकलं काय?

मीनल (लेस्टर)
मला वाद घालायचा नाही पण माझी आई सत्तरच्या दशकात इथे नर्स होती, ज्या हॉस्पिटलात होती ते आधी वर्कहाउस होतं. एका म्हाताऱ्या बाईंना वॉर्डात आणलं तर त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली, सोडेचनात. आईला वाटलं भ्रम झालाय. मग दुसऱ्या सिस्टरने सांगितलं, अगं त्यांच्या लेखी हे अजून तेच आहे. वर्कहाउसं कागदोपत्री १९३०ला बंद झालेली! आई ते हात शेवटपर्यंत विसरली नाही.

कुर्ल्याचा राजू
इंग्लंडचं राहू द्या हो. आपल्याकडे १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, वॉरंटशिवाय उचलतात, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षं. माझे मामा, विसरायचा आजार, स्टेशनबाहेर मळक्या शर्टात बसलेले, भिकारी म्हणून उचलले. एकोणीस दिवसांनी सापडले, डोकं भादरलेलं, मामीला ओळखेनात. आमच्या मामांवर कोण गाणं करणार?

तालीममास्तर
राजू, वाईट वाटलं, पण धागा प्रयोगावर आहे.

कुर्ल्याचा राजू
धाग्यावरच बोलतोय! गरिबाला कोंडून कामाला लावायचं ही अक्कल कुठून आली? दिल्ली हायकोर्टाने २०१८मध्ये याच कायद्याची बरीच कलमं तिथल्यापुरती रद्द केली. तुम्हाला तिकडचा दोर दिसतो, इकडचा माणूस दिसत नाही.

नॉटिंगहॅमची माई
राजूदादा, "तुम्हाला" म्हणजे कोणाला? मी तेवीस वर्षं इथे राहते म्हणून मला मुंबईचा माणूस दिसत नाही का? हे बोलणं मला लागलं. बाकी तुमचं खरंय, आणि त्याच्याही आधीचं आहे. १८७७च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर चिल्लर ठरवली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यावर सरकारला अर्जांवर अर्ज करत राहिली. वर्कहाउसचाच हिशेब तो, मदत इतकी हलाखीची ठेवायची की अगदी मरायला टेकलेलाच दारात येईल.

कुर्ल्याचा राजू
माई, तुमच्यावर नव्हतं ते. मामांचं निघालं की माझा तोल जातो.

खडा सवाल
मीनलताईंच्या आईचे ते हात वाचून गप्प बसलो होतो. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्यांचं मला माहीत नव्हतं, तेवढं मास्तरांचं मान्य. त्यातलं एक जरी जुनं गाणं प्रयोगात असेल तर मी जाईन. टाळ्यांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

नॉटिंगहॅमची माई
दोन आहेत, जुन्या कागदांवरूनच घेतलीत, सुरुवातीला तसं सांगतात. आणि त्या नवरा-बायकोच्या गाण्यानंतर टाळी वाजली नाही. बराच वेळ नाही.