ब्रुमाजिन्योचा ‘कमी जोखीम’ शिक्का : चूक शिक्क्याची की वाचणाऱ्याची?

दगडमाती :
प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय. खवट यांची कालची पोस्ट थोडक्यात अशी : ब्राझीलमधलं ब्रुमाजिन्योचं खाणीच्या गाळाचं धरण सरकारी यादीत ‘कमी जोखीम’ होतं, 25 जानेवारी 2019 ला ते फुटलं आणि 270 माणसं गेली, तेव्हा ही वर्गवारी म्हणजे शुद्ध थोतांड. खाली धो-धो बदाम.

अहो, त्या यादीत रकाने दोन होते. एक जोखमीचा, म्हणजे बांधाची तब्येत. दुसरा, फुटलं तर नुकसान किती. पहिल्यात ‘कमी’, दुसऱ्यात ‘जास्त’. तुम्ही पहिलाच वाचलात. दुसऱ्या रकान्याचा बांधाच्या तब्येतीशी काडीचा संबंध नसतो, तो खाली कोण आणि काय सापडेल ते सांगतो. बांध कितीही भक्कम करा, खाली वस्ती आहे तोवर तिथे ‘जास्त’च राहणार. 86 मीटर उंचीचं धरण, पायथ्याच्या वाटेवर व्हाले या खाण कंपनीचीच कचेरी आणि कॅन्टीन. फुटलं दुपारी 12:28 ला, जेवायच्या वेळेला. कॅन्टीन हलवायला कुठलं प्रमाणपत्र लागत होतं? दुसरा रकाना नीट वाचला असता तरी पुरे होतं.

पंधरा वर्षं याच धंद्यात आहे, सध्या पर्थला. कामाला लागलो त्या वर्षी एका गाळाच्या तळ्यावर उभा होतो. पायाखाली कोरडं, टणक, क्रिकेट खेळावं असं. मुकादम म्हणाला, एकाच जागी पाय आपटत राहा. मिनिटभरात बुटाभोवती पाणी चमकायला लागलं आणि टाच रुतली. विरजलेल्या दह्यासारखं असतं ते. न हलवता ठेवलं तर कापता येईल इतकं घट्ट, धक्का लागला की पाणी सुटतं. ब्रुमाजिन्योचा बांध असल्याच गाळावर आत-आत सरकत, टप्प्याटप्प्याने चढवलेला होता. स्वस्त पडतं. हे माहीत नसताना ‘थोतांड’ म्हणणं सोपं असतं.

खवट :
रकाने शिकवू नका. एवढंच सांगा, पहिल्या रकान्यातलं ‘कमी’ खरं होतं की खोटं?

मीच सांगतो. सप्टेंबर 2018 मध्ये ट्यूव्ह झ्यूड या जर्मन कंपनीच्या ब्राझीलमधल्या लोकांनी ‘स्थिर आहे’ म्हणून सही केली. त्यांच्याच हिशेबात सुरक्षितता गुणांक, म्हणजे बांधाची ताकद त्याच्यावरच्या ताणाच्या किती पट, आला होता 1.09. एक म्हणजे कडेलोट, हे तुम्हीच इथे कधीतरी लिहिलं होतंत. किमान 1.3 तरी हवा असं तज्ज्ञांच्या चर्चेत आधीच येऊन गेलेलं. तरी सही! चार महिन्यांत धरण गेलं. तुमचा दुसरा रकाना घाला चुलीत.

लेले_नाना :
दगडमाती, दह्याची उपमा चुकली. भांडं हलवलं कोणी? भूकंप नव्हता, सुरुंगही नव्हता. तज्ज्ञांच्या पथकाने डिसेंबर 2019 च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की गाळ आतल्या आत सावकाश सरकत होता, वरून पावसाने त्याची पकड ढिली झाली, आणि बांध काही सेकंदांत कोसळला. आठवडाभर आधी ड्रोन फिरवलं होतं, त्यात भेग नाही की फुगवटा नाही. न हलवता मोडणारं दही आमच्या घरी लागत नाही.

दगडमाती :
नाना, उपमेला टाचणी लावल्याबद्दल आभार. पण मुद्दा माझाच झाला ना? डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणूनच खाली कोण आहे ते आधी बघायचं.

तिसरा_मजला :
सही करणाऱ्याला पैसे कोण देतं, ते आधी बोला.

आमची गिरगावातली पागडीची इमारत. मालकाने इमारतीची मजबुती तपासणारा ऑडिटर आणला. हातोड्याची चाचणी नेमकी कुठे घेतली? दुसऱ्या मजल्याच्या न्हाणीघराखालच्या खांबावर, जिथे बारा महिने पाणी झिरपतं. निकाल पालिकेच्या वर्गवारीतला सी-1, म्हणजे ताबडतोब खाली करा. आम्ही वर्गणी काढून आमचा आणला. त्याने आठ खांब तपासले, म्हणाला सी-2बी, माणसं राहूनच दुरुस्ती होईल. इमारत तीच, महिना तोच. खाण असो की चाळ, ज्याचं पाकीट त्याचा शिक्का.

लेले_नाना :
तुमची इमारत मी पाहिली आहे. जिन्यातून जाताना माझ्या खांद्यावर पोपडा पडला होता. सी-1च आहे.

तिसरा_मजला :
नाना, तुमचा मेहुणा बिल्डर आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

लेले_नाना :
मेहुण्याला मध्ये आणायचं काम नाही! पावसात पडली की तुम्हीच पालिकेच्या नावाने गळा काढाल. चाळीस वर्षं फुकटासमान भाड्यात राहायचं आणि वर...

तिसरा_मजला :
फुकटासमान? वडिलांनी पागडी मोजलीय रोख. छप्पर आम्ही तीनदा घातलंय. मालक भाड्याची पावतीसुद्धा देत नाही, खटला उभा राहू नये म्हणून. सांगा तुमच्या मेहुण्याला.

डिचोलीकर :
चाळ पडायची तेव्हा पडेल, मला जरा खाणीवर बोलू द्या.

ब्राझीललाच कशाला जाता? आमच्या गोव्यात गावाच्या डोक्यावर डंप आहेत, खाणीतल्या टाकाऊ मातीचे डोंगर. 2009 च्या पावसात अडवलपालला खाणीचं पाणी घरांत शिरलं, ते विसरलात? आमच्या शेताच्या वरही एक डंप. एका आषाढात लाल चिखल बांध ओलांडून आला. रोवणी नुकतीच झालेली. बाबा गुडघाभर लाल राडीत उभे राहून हाताने रोपं उपटून बघत होते, एखादं जगलंय का. खाणवाल्यांचा माणूस छत्री घेऊन आला आणि म्हणाला, भरपाई मिळेल, दरवर्षीसारखी. त्या ‘दरवर्षीसारखी’वर बाबा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

त्या डंपला ना पहिला रकाना ना दुसरा. खाणी 2018 च्या मार्चमध्ये बंद झाल्या, डंप तिथेच आहे. तुम्ही रकान्यांवर भांडताय, आमच्याकडे वहीच नाही.

खवट :
हे! हेच म्हणत होतो.

दगडमाती :
नाही, तुम्ही उलटं म्हणत होता. तुम्ही म्हणताय वही जाळा, ते म्हणतायत वही द्या. ब्रुमाजिन्योनंतर ऑगस्ट 2020 मध्ये गाळधरणांसाठी जागतिक मानक आलं. त्यात परिणामांचे पाच वर्ग आहेत. शंभराहून जास्त जीव जाऊ शकत असतील तर सर्वांत वरचा. बांध कोणी तपासला, काय सापडलं, ते लोकांपुढे ठेवायचं. आपला 2021 चा धरण सुरक्षा कायदा मात्र पाणी अडवणाऱ्या धरणांचा. डंपला तो विचारत नाही.

खवट :
मानक ऐच्छिक आहे, तेही सांगा. कंपनीला वाटलं तर पाळणार. आणि भोंगे? ब्रुमाजिन्योला धोक्याचे भोंगे बसवलेले होते. वाजलेच नाहीत, चिखलात गेले. कागदावर असतील नक्की, ‘भोंगे : आहेत’.

2015 मध्ये त्याच राज्यात मारियानाजवळ फुंदाओचं धरण गेलं, 19 मेले. निम्मी मालकी त्याच व्हाले कंपनीची. तेव्हाही म्हणाले, धडा घेतला. तीन वर्षांत धडा संपला. इकडे कोकणात तिवऱ्याचं धरण 2019 च्या जुलैत फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मंत्री काय म्हणाले? खेकड्यांनी पोखरलं! माझी आत्या चिपळूणला असते. त्या आठवड्यात तिच्याकडे खेकड्याचा रस्सा कोणी केला नाही. विनोद म्हणून सांगत नाहीये.

दगडमाती :
ठीक. पहिला रकाना खोटा होता. 1.09 वर सही करणं हे माझ्या धंद्यातलं पाप आहे आणि त्याला मी तरी ‘मतभेद’ म्हणणार नाही. झालं समाधान?

पण तिसरा_मजला यांनाही उत्तर देतो. सही करायला नकार देणारे असतात. ब्राझीलच्या सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ट्यूव्ह झ्यूडच्या आधीच्या सल्लागाराने सही केली नव्हती. त्याचं काम गेलं. मलाही एकदा एका मालकाने ‘शब्द जरा मऊ करा’ म्हटलं होतं. केला नाही. पुढचं काम आलं नाही.

तिसरा_मजला :
तुम्हाला पर्थला दुसरं काम मिळालं. आम्हाला गिरगावात दुसरं घर?

लेले_नाना :
दोन ऑडिटचे निकाल वेगळे असतील तर पालिकेची टॅक, म्हणजे तांत्रिक सल्लागार समिती असते. तिकडे जा. मेहुण्यानेच सांगितलंय, लिहा आता काय लिहायचं ते.

तिसरा_मजला :
जातोय. मेहुण्याला नमस्कार.

राखडवाला :
मी नागपूरकडचा. आमच्याकडे खाणीचा गाळ नाही, वीजकेंद्राची राखड हाये. 2022 च्या जुलैत कोराडीच्या राखडचा बांध खसाळ्याजवळ फुटला, पांढरा चिखल नाल्यातून नदीत गेला. आमच्या गावाजवळचा बांध तो नाही, दुसरा. पण यंदा पायथ्याशी ओल दिसून राहिली. खाली मामाचं वावर आणि चार घरं. दगडमाती साहेब, याले कोन्ता रकाना लावायचा?

दगडमाती :
रकाना नंतर. आधी सांगा, झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ?

राखडवाला :
पहिले स्वच्छ होतं. पोळ्यापासून दुधावानी येते.

दगडमाती :
म्हणजे पाणी बांधातली राख घेऊन बाहेर पडतंय. आजच्या आज वीजकेंद्राला फोन करा आणि उद्या सकाळी लेखी द्या. पाण्याची बाटली भरून, तारीख लिहून, फोटोसकट. तहसीलदारांनाही एक प्रत. ग्रामपंचायतीची पोच घ्या. आणि त्या चार घरांतल्या माणसांना रात्री तिथे झोपू नका म्हणून सांगा. गंमत करत नाहीये.

राखडवाला :
फोन केला. साहेब मीटिंगमध्ये हायेत म्हणे. मागच्या वेळी अर्ज दिला होता तं पोच नाही देल्ली.

खवट :
बाटलीत एक खेकडाही टाका. मग लगेच घेतील.